तंबू नंबर सात

टेंभुर्णीच्या पुढे हायवे सोडला
की उसातल्या दुसऱ्या वळणावर पाटी येते,
'भीमाई रिव्हर कॅम्प',
आणि तिच्याच खांबाला टेकून दुसरी,
'परमिट रूम, फॅमिली सेपरेट'.
तंबू चौतीस. मी मोजले.
टॉवेल मोजायची सवय, दुसरं काय.

लेकीनं पुण्यातून बुक केलं होतं.
"नाना, जरा शांतता मिळेल तुम्हाला."
शांतता!
आमच्या खुंटीला दोरी बांधून सहा नंबर,
बार्शीचे बागवान, अकरा माणसं, एक पाळणा.
आठ नंबरात कॉलेजची पोरं,
"गाणं बदल की बे", "तूच बदल बे",
आणि गाणं तेच.
समोर कुणाचा तरी वाढदिवस,
वाऱ्यानं मेणबत्ती तीनदा विझली,
तिन्ही वेळा टाळ्या.

नदी होती.
गाड्यांच्या मागे, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या मागे,
दोरीवर वाळणाऱ्या टॉवेलांच्या मागे.
टॉवेल आपल्याकडचेच. काठ उलटून बघितला,
जुन्या मागावरचा, धोट्याचा.
विणणारा घाईत होता त्या दिवशी.

अंबुबाईनं तंबूवाल्यांचं ब्लँकेट
दोन बोटांत धरून बघितलं,
काही न बोलता घडी करून कोपऱ्यात ठेवलं
आणि पिशवीतून घरची चादर काढली.
मग कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि परमिट रूमच्या पोराला हाक,
"रेवणसिद्ध, एक कांदा दे रे. बिलात लावू नको."
त्यानं दोन दिले.
मला हळूच विचारलं, "मामा, थोडी?"
"सोडली रे."
अंबुबाई कांदा फोडत होती, बुक्कीनं,
जरा जास्तच जोरात.

रात्री अकरा.
ग्लास, चमचे, "टेबल चारला चिलापी फ्राय!",
कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना ओरडत होती,
आणि मागच्या तंबूत तेलुगूत भांडण.
आपली भाषा, कान आपोआप गेला.
मेव्हण्याच्या प्लॉटवरून चाललं होतं.
"ऐकू नका दुसऱ्याचं," अंबुबाई म्हणाली
आणि कुशीवर वळून स्वतः ऐकत राहिली.

मी झोपलो.
कसा झोपलो म्हणून सांगू.
एकोणचाळीस वर्षं मागाच्या खटाक्याखाली
ओठ बघून बोललो,
लेक झाली हे जॉबरनं लांबून
बोटांनी वेणी घालून सांगितलं.
काम सुटलं तेव्हापासून घरात
फ्रिज थांबला तरी दचकतो मी.
इथं कापडाच्या भिंती,
आणि भिंतीपलीकडे रात्रपाळी जोरात चालू.

साडेतीनला जनरेटर बंद झाला.
जाग आली.
माग थांबला की माणूस आधी धागा शोधतो,
कुठं तुटला?
चेन ओढून बाहेर आलो.
परमिट रूमच्या पायरीवर रेवणसिद्ध,
दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत.

"झोप नाही का रे?"
"झोप यालीय की मामा.
पण आत्ता कुठं गप झालंय सगळं.
दिवसात एवढंच असतंय माझ्या वाटणीला.
झोपून कशाला घालवू?"

मी दोन पायऱ्या सोडून बसलो.
खोकला आला तो गिळला.
पाणी काळं होतं आणि बरंच जवळ,
दिवसा इतकं जवळ वाटलं नव्हतं.
ज्यांच्यासाठी लोक दुर्बिणी घेऊन आले होते
ते लांब मानेचे पक्षी
अंधारात कुठंतरी कुरकुरत होते,
गर्दीत जागा करून घेतल्यासारखे.
त्यानं एक पाय बादलीतून काढला,
पुसला, पुन्हा आत ठेवला.
आम्ही काहीच बोललो नाही.

सकाळी लेकीचा फोन.
"नाना, शांत होतं ना?"
काय सांगावं ते जुळवत होतो,
तेवढ्यात अंबुबाईनं फोन ओढून घेतला.
"झ्याक आहे गं सगळं.
ब्लँकेट तेवढं बेकार."